किडनी दुर्बिणीतून काढायची ठरली तर: मिरजेला निघण्याआधीपासून घरी परतेपर्यंत

माझ्या थोरल्या भावाच्या डाव्या कुशीतली कळ थांबली, तेव्हा घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. दोन-तीन वर्षं अधूनमधून कळ यायची, गावातल्या दवाखान्यात सुई घेतली की बसायची. मग कुणीतरी मुतखड्याचा काढा सांगितला. तो महिनाभर घेतला आणि त्यानंतर कळ आलीच नाही. खडा विरघळला, असं दादा धरून चालला. दीड वर्षानं थंडी वाजून ताप यायला लागला म्हणून सोनोग्राफी केली, तर खडा होता तिथंच, मूत्रनळीत रुतून बसलेला. वरची किडनी पाण्यानं फुगून पिशवीसारखी झालेली आणि तिचा गर कागदासारखा पातळ झालेला.

मी मिरजेत ऑपरेशन थिएटरमध्ये २६ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. परक्यांच्या अशा किडन्या ट्रेमध्ये कितीदा घेतल्या असतील, पण सख्ख्या भावाची सोनोग्राफी वाचताना हात कापले. दादाचं म्हणणं एकच होतं, "दुखायचं थांबलंय की गं आता. मग कशापायी पोट फाडून घ्यायचं?" त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथं लिहिते आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या उन्हात आणि कमी पाण्यात राबणाऱ्या घरांत मुतखडा नवा नाही, आणि अशी गुपचूप गेलेली किडनीही नवी नाही.

कळ का थांबते, ते आधी समजून घ्या. खडा अडकला की लघवी मागं साचते, किडनी ताणली जाते आणि ताणामुळं कळ येते. अडथळा तसाच राहिला तर किडनी हळूहळू लघवी तयार करणंच कमी करते. ताण उतरतो, कळ जाते. माणसाला वाटतं बरं झालं. म्हणून खडा पडताना डोळ्यांनी पाहिला नसेल, तर कळ थांबल्यावरही सोनोग्राफी करून घ्या. दादाच्या बाबतीत हे राहून गेलं, याची बोच मला आजही आहे.

पहिली पायरी: काढायचीच आहे का?

सोनोग्राफीत किडनीचा आकार दिसतो, काम दिसत नाही. फुगलेली किडनी पाहून लगेच ऑपरेशनची तारीख घेऊ नका आणि "गेली आता" म्हणून हातही टेकू नका. किडनी किती काम करते ते न्यूक्लिअर स्कॅनमध्ये कळतं. कागदावर डीटीपीए, ईसी किंवा डीएमएसए असं काहीतरी लिहिलेलं असतं. शिरेतून अगदी थोडं किरणोत्सारी औषध देतात आणि दोन्ही किडन्यांत कामाची वाटणी कशी आहे ते मोजतात. दोघींचं मिळून शंभर टक्के धरलं, तर निरोगी माणसात साधारण निम्मं-निम्मं येतं. एकीचा वाटा १० टक्क्यांच्या खाली गेला असेल, तर ती बहुतेक वेळा निकामी धरतात. १० ते २० च्या मध्ये असेल तर निर्णय अवघड असतो. वय किती, दुसरी किडनी कशी आहे, त्रास काय होतो, हे सगळं बघून ठरवावं लागतं. लहान मुलांत तर डॉक्टर वाचवायचाच जास्त प्रयत्न करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो नातेवाइकांनी स्वतःहून विचारायला हवा: "हा स्कॅन अडथळा असताना केलाय की अडथळा काढल्यावर?" किडनी तुंबलेली किंवा पू झालेली असेल, तर आधी ती मोकळी करतात. आतून डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी) टाकतात, नाहीतर पाठीतून बारीक नळी थेट किडनीत घालून लघवी बाहेरच्या पिशवीत काढतात. तिला पीसीएन म्हणतात. असे चार ते सहा आठवडे गेले की पुन्हा स्कॅन. मेलेली वाटलेली किडनी कधीकधी या मुदतीत सावरते. दादाच्या पाठीत अशी नळी पाच आठवडे होती. वहिनी रोज पिशवीतली लघवी मापून वहीत लिहायची, आणि तो आकडा कधी वाढलाच नाही. दुसऱ्या स्कॅनमध्ये वाटा आला ६ टक्के. तेव्हा कुठं दादाच्या मनानं घेतलं.

त्याच वेळी दुसऱ्या किडनीची चौकशी पक्की करा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा), त्यावरून काढलेला जीएफआर (किडनीचा गाळण्याचा वेग), लघवीतलं प्रोटीन आणि सीटी स्कॅन. क्रिएटिनिन जास्त असेल तर सीटीत रंगाचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे डॉक्टरांना आधी ठरवू द्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही तिथं सांगा.

काही किडन्या तशाच ठेवल्या तरी चालतात, हेही सांगायला हवं. आक्रसून सुपारीएवढी झालेली, ना ताप, ना दुखणं, ना रक्तदाब, अशी किडनी फक्त रिपोर्टमध्ये दिसली म्हणून काढायची गरज नसते. वारंवार पू होतो, ताप येतो, खड्यांनी भरून गेली आहे, तिच्यामुळंच रक्तदाब चढतो किंवा गाठीची शंका आहे, अशी ठोस कारणं लागतात. गाठीचा मार्ग वेगळा आहे. ४ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असेल तर पुष्कळदा फक्त गाठ काढून उरलेली किडनी वाचवता येते. "अख्खी काढायची" असं सांगितलं असेल, तर "तेवढाच भाग काढता येणार नाही का?" असं जरूर विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्यानं पहिले डॉक्टर रागावत नाहीत. निदान ज्यांच्याकडं जावं असे डॉक्टर तरी रागावत नाहीत.

आणि टीबी. फुप्फुसात काही नसतानाही किडनीला टीबी होतो. लघवीत पू पेशी भरपूर, पण साध्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायच्या तपासणीत) जंतू काही निघत नाहीत, असं वारंवार झालं की टीबीसाठी लघवी तपासायला सांगा. टीबी निघाला तर आधी औषधं सुरू होतात, साधारण चार ते सहा आठवडे ती पोटात गेली की मग ऑपरेशन. ही औषधं सरकारकडून फुकट मिळतात आणि निक्षय या टीबीच्या सरकारी नोंदणीत नाव आलं की उपचार संपेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर येतात. टीबीचं नाव काढलं की लोक लपवतात. लपवू नका, औषध अर्धवट सोडू नका.

दुसरी पायरी: दुर्बीण की मोठा छेद

माणसाची किडनी ठरवून काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन १८६९ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सायमन यांनी केलं. पुढची सव्वाशे वर्षं बरगडीखाली वीतभर छेद घेणं हाच रस्ता होता. १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुइसला राल्फ क्लेमन यांनी ८५ वर्षांच्या एका बाईची किडनी पहिल्यांदा दुर्बिणीतून काढली. त्याला जवळजवळ सात तास लागले होते. आता सरावलेल्या हातांना साधारण दोन ते चार तास पुरतात.

फरक खरा कुठं पडतो, तर स्नायूंत. मोठ्या छेदात पाठ-पोटाचे स्नायू कापावे लागतात, कधी बरगडीचा तुकडा काढावा लागतो. ती दुखण्याची आठवण महिनोन्महिने राहते. दुर्बिणीत अर्धा ते सव्वा सेंटिमीटरची तीन-चार छिद्रं आणि किडनी बाहेर काढायला खाली पाच-सात सेंटिमीटरचा एक छेद. रक्तस्राव कमी, दुखणं कमी, माणूस लवकर चालता होतो. पोटाच्या आतलं काम मात्र तेवढंच मोठं असतं. "छोटं ऑपरेशन आहे" असं समजून कुणी जाऊ नये.

एक शब्द फार फसवतो. निकामी किडनी काढण्याला डॉक्टरी भाषेत "सिंपल नेफ्रेक्टॉमी" म्हणतात. सिंपल याचा अर्थ सोपी नव्हे, फक्त किडनी काढायची, आजूबाजूचं काही नाही, इतकाच. वर्षानुवर्षं पू झालेली, टीबीची किंवा खड्यांनी भरलेली किडनी आतड्याला, यकृताला, मोठ्या शिरेला अशी चिकटून बसते की कॅन्सरची किडनी काढणं त्यापेक्षा सोपं वाटावं. अशा वेळी सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून छेद घेतात. संमतिपत्रात ते लिहिलेलं असतं, सही करताना वाचा. थिएटरमध्ये मी पाहिलेले उत्तम सर्जन हा निर्णय लवकर घ्यायचे. दोन तास चिकटलेल्या जागी झगडत बसून मग पोट उघडणारा हात मला कधी आवडला नाही. बाहेर आल्यावर "दुर्बिणीनं जमलं नाही" असं ऐकलंत, तर डॉक्टर चुकले असं धरू नका.

सर्जनना काय विचारायचं? अशा किती किडन्या दुर्बिणीतून काढल्या आहेत? माझ्या रिपोर्टमध्ये चिकटलेपणाची किती शक्यता आहे? रक्ताची सोय, आयसीयू याच इमारतीत आहे का? रात्री काही झालं तर कोण येईल? रोबोट असेल तर उत्तम, पण निकामी किडनीसाठी त्याचा हट्ट धरायची गरज नाही. त्यापेक्षा हाताला सराव आहे का, ते बघा.

तिसरी पायरी: कागद आणि पैसा

मिरजेला १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि तेव्हापासून विजापूर-बेळगावपर्यंतची माणसं इथं येत आहेत. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. सांगलीत वसंतदादांच्या नावाचं शासकीय रुग्णालय आहे. खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली. पर्याय पुष्कळ आहेत, म्हणूनच घरातून निघताना पैशाचा रस्ता ठरवून निघा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनीच्या शस्त्रक्रिया येतात. २०२३ च्या शासन निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पिवळ्या-केशरीबरोबर पांढरं रेशनकार्ड असलेल्यांनाही ते लागू केलं आहे. दवाखाना योजनेत आहे, एवढ्यावर थांबू नका. मूत्ररोगाच्या शस्त्रक्रियांसाठी तो योजनेत आहे का, हे विचारा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथं माणसं हमखास अडकतात. दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड, आधार, सोनोग्राफी, सीटी आणि स्कॅनचे कागद घेऊन आधी तिथं बसा. ऑपरेशनला वरून मंजुरी यावी लागते, तिला वेळ लागतो. मंजुरी यायच्या आधी "तोवर थोडे भरून ठेवा" असं कुणी म्हणालं, तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर फोन करून विचारा. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल, तर ते काम गावातूनच करून निघा. आमच्या वहिनीला फक्त एका वेलांटीपायी दोन हेलपाटे पडले.

सीमेपलीकडून, कर्नाटकातून येणाऱ्यांनी आयुष्मान कार्ड आणावं. ते दुसऱ्या राज्यातल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं.

चौथी पायरी: आधीचे पंधरा दिवस

ताप, पू नसेल आणि डॉक्टरांनी घाई सांगितली नसेल, तर तारीख शेतीचा हंगाम बघून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. ऑपरेशननंतर सहा आठवडे जड काम बंद असतं. द्राक्षाच्या फळछाटणीच्या तोंडावर ऑपरेशन केलं की माणूस दहाव्या दिवशी बागेत जाऊन उभा राहतो आणि न राहवून औषधाचा पंप पाठीला लावतो. दादाचं ऑपरेशन आम्ही माल उतरून खरडछाटणी आटोपल्यावर घेतलं. पू झालेला असेल, थंडी-ताप असेल, तर मात्र हंगाम बघायचा नाही. त्याच दिवशी निघायचं.

तंबाखू आणि बिडी लगेच बंद. बायकांची मिश्रीसुद्धा यातच धरा. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा "व्यसन नाही" म्हणून सांगितलं जातं, कारण मिश्रीला कुणी व्यसन समजतच नाही.

लघवीचं कल्चर करून जंतू निघाले तर त्यावरचं औषध पूर्ण घ्या. त्याशिवाय किडनीला हात लावला तर जंतू रक्तात उतरतात. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे आणि वय किंवा आजार बघून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो. पोटात गॅस भरल्यावर हृदय-फुप्फुसांवर भार येतो, म्हणून ही तपासणी टाळू नका.

घरात जी जी गोळी चालू आहे तिचं पाकीट पिशवीत भरून न्या, नाव आठवण्याच्या भानगडीत पडू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुष्कळदा पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साखरेच्या काही नव्या गोळ्या तीन-चार दिवस आधी बंद करतात. रक्तदाबाची कुठली गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची आणि कुठली नाही, ते भूलतज्ज्ञांकडून कागदावर लिहून घ्या. आणि काढे, भस्मं, झाडपाला चालू असेल तर तेही सांगा. लपवून काही मिळत नाही.

श्वासाच्या व्यायामासाठी तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं खेळण्यासारखं यंत्र मिळतं. ते आदल्या आठवड्यापासून ओढायला शिका. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही शिकणं होत नाही.

आदल्या रात्री हलकं जेवण. भुलीच्या आधी सहा तास पोटात अन्न नको, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जी वेळ सांगितली असेल तीच खरी. सकाळी लवकर नेणार म्हणून घरच्यांनी प्रेमानं पाजलेल्या चहामुळं पुढं ढकललेली ऑपरेशनं मी पाहिली आहेत.

पाचवी पायरी: दाराच्या आत

बाहेर बाकावर बसलेल्यांना आत काय चाललं आहे ते कळलं, तर चार तास थोडे सुसह्य होतात. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आत नेण्याआधी कातडीवर पेनानं खूण करतात, डावी की उजवी. भूल द्यायच्या आधी रुग्णाला त्याच्याच तोंडून विचारतात: नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठल्या बाजूचं. तेच तेच का विचारतात म्हणून चिडू नका. चुकीची बाजू उघडली जाऊ नये, यासाठी जगभर हीच पद्धत आहे. खूण केलेली नसेल तर रुग्णानं स्वतः आठवण करावी. सीटीची फिल्म समोर लावलेली असते, कापण्याआधी सगळे क्षणभर थांबून पुन्हा एकदा बाजू वाचतात.

मग पूर्ण भूल, घशात श्वासाची नळी, लघवीची नळी. रुग्णाला कुशीवर वळवतात. डावी किडनी काढायची तर डावी बाजू वर. हाताखाली, गुडघ्यांमध्ये, कमरेखाली गाद्या ठेवतात. दोन-तीन तास त्याच कुशीवर राहिल्यामुळं दुसऱ्या दिवशी खांदा किंवा कंबर अवघडते, त्याची काळजी करू नका.

बेंबीच्या आसपास पहिलं छिद्र घेऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. हा वायू पेट घेत नाही आणि रक्तात विरघळून श्वासातून निघून जातो, म्हणून हाच वापरतात. पोट तंबूसारखं वर येतं आणि आत काम करायला जागा होते. दाब पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरच्या आसपास, यंत्रावर सतत दिसत असतो. एका छिद्रातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं. पोटाऐवजी पाठीच्या बाजूनं जाण्याचीही एक पद्धत आहे. तिच्यात आतडी मध्ये येत नाहीत, पण जागा कमी मिळते.

पडद्यावर पहिल्यांदा मोठं आतडं दिसतं. ते हळूच सोडवून बाजूला लोटतात, की मागं किडनीची चरबी दिसते. उजवीकडं यकृत आणि लहान आतड्याची सुरुवात सांभाळायची, डावीकडं प्लीहा आणि स्वादुपिंडाची शेपटी. मग मूत्रनळी शोधतात. कमरेच्या जाड स्नायूवर ती नाजूक दोरीसारखी पडलेली असते. तिला उचलून धरलं की तिच्याच मागानं वर किडनीच्या देठापर्यंत जाता येतं.

देठ आला की थिएटरमधली बोलणी आपोआप थांबतात. इथं किडनीची धमनी आणि शीर असते. निरोगी माणसाच्या हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दोन किडन्यांकडं जातो, यावरून या दोन नळ्यांचं मोल कळेल. आधी धमनी बंद करायची, मग शीर. उलट केलं तर रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट नसते आणि किडनी तटतटून फुगते. कुलूप बसल्यासारख्या लॉक होणाऱ्या क्लिपा लावतात, शरीराकडच्या बाजूला निदान दोन, आणि मग मधून कापतात. त्या क्लिपा आयुष्यभर आत राहतात. प्लॅस्टिकच्या किंवा टायटॅनियमच्या असतात, पुढं एमआरआय करायला त्यांची अडचण नसते.

सुटी झालेली किडनी पोटातच एका पिशवीत घालतात. पू किंवा टीबीचे जंतू आत सांडू नयेत, यासाठी ही पिशवी. बेंबीखालच्या छेदातून ती बाहेर येते. शेवटी गॅस कमी करून पुन्हा एकदा देठ बघतात, कारण दाबामुळं थांबलेला बारीक रक्तस्राव दाब उतरल्यावरच दिसतो. गरज असेल तर आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला एक ड्रेन नळी ठेवतात. आम्ही सिस्टर गॉज, सुया, हत्यारं मोजतो. आकडा जुळल्याशिवाय टाके पडत नाहीत.

मग दार उघडतं आणि नातेवाइकांना ट्रेमध्ये किडनी दाखवतात. मन घट्ट नसेल तर नको म्हणा, चालतं. पण पुढचं काम विसरू नका. ती किडनी फॉर्मालिनच्या (सडू न देणाऱ्या द्रावणाच्या) बरणीत तपासणीला जाते, आणि लहान दवाखान्यांत ती बरणी नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबला पाठवतात. बरणी उघडायची नाही, पाणी घालायचं नाही, त्याच दिवशी पोचवायची, पावती घ्यायची. टीबीची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मालिनमध्ये न घालता सलाइनमध्ये वेगळा पाठवावा लागतो, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चरला काही उरत नाही. हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो. माणूस घरी गेलेला असतो, बरा वाटत असतो आणि रिपोर्ट लॅबच्या कपाटात पडून राहतो. कृपा करून तो आणा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात टीबी किंवा कॅन्सर निघाला, तर खरा उपचार तिथून पुढं सुरू होतो.

सहावी पायरी: वॉर्डातले तीन-चार दिवस

पहिल्या रात्री लघवीची पिशवी बघत राहा. दर तासाला किती आली ते सिस्टर लिहितात. उरलेली किडनी कामाला लागली आहे, हे तिथंच दिसतं. शुद्धीवर आल्यावर पुष्कळांचा खांदा दुखतो आणि घरचे घाबरतात की हृदयाचं काही आहे. पोटात उरलेल्या गॅसमुळं श्वासपटलाला चुरचुर होते आणि ती खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते. छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल तर मात्र अंदाज न बांधता लगेच सिस्टरला बोलवा.

दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. दया येऊन झोपवून ठेवू नका. पायात रक्ताची गुठळी होऊ नये आणि आतडी हलावीत म्हणून चालणं औषधाइतकंच गरजेचं आहे. चेंडूंचं यंत्र दर तासाला. खोकताना पोटाला उशी दाबून धरायची. आधी पाणी, शहाळं, मग पेज, मऊ भात. लघवीची नळी साधारण एक-दोन दिवसांत निघते. सगळं सुरळीत असेल तर दोन ते चार दिवसांत घरी सोडतात.

डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि सीटीची सीडी हातात घेतल्याशिवाय निघू नका. आणि एसटीच्या मागच्या सीटवर बसून जतपर्यंत हादरे खात जाऊ नका. पुढं बसा, पोटाला उशी धरा.

सातवी पायरी: घर आणि रान

टाके ओले करायचे की नाही, ते कार्डावर लिहिलेलं असतं. पहिले दोन आठवडे मोटारसायकल नको. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, चार ते सहा आठवडे. आमच्या भागात पाच किलो म्हणजे काय, ते स्पष्टच सांगते: पाण्याची भरलेली घागर नाही, दुधाचा कॅन नाही, द्राक्षाचं क्रेट नाही, पाठीवरचा पंप नाही, नातवाला कडेवर घेणंही नाही. छिद्रं बाहेरून आठ दिवसांत मिटतात, आतला थर मिटायला वेळ लागतो. घाई केली तर हर्निया होतो. मोठा छेद घ्यावा लागला असेल तर आठ आठवडे धरा. कुंथायला लागू नये म्हणून शौच साफ ठेवा.

ताप, थंडी, टाक्यातून पू, पोट फुगून उलट्या, पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका.

त्यानंतर: उरलेली एक

आता सगळं लक्ष दुसऱ्या किडनीवर. ती थोडी मोठी होऊन जास्त काम अंगावर घेते. निकामी किडनी काढल्यानं क्रिएटिनिन सहसा फारसं बदलत नाही, कारण ती आधीपासून काम करतच नव्हती. पहिल्या वर्षी डॉक्टर सांगतील तेव्हा, पुढं वर्षातून निदान एकदा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघा. साखर, रक्तदाब ताब्यात ठेवा. खड्यामुळं किडनी गेली असेल तर खडा तपासायला दिला होता का, ते विचारा, आणि दुसऱ्या बाजूची सोनोग्राफी वर्षाला करा. पाणी इतकं प्या की दिवसभरात दोन-अडीच लिटर लघवी व्हावी. रानात असाल तर त्याहून जास्त प्यावं लागेल. दादा आता रानात जाताना दोन लिटरचे दोन थर्मास नेतो. एक दुपारच्या जेवणापर्यंत संपला पाहिजे, असं वहिनीनं ठरवून दिलं आहे.

आणि ती दुखण्याची सुई. अंग दुखलं, गुडघा दुखला की गावोगावी जी सुई टोचतात, मेडिकलमधून ज्या गोळ्या न विचारता मिळतात, त्यांतल्या पुष्कळ किडनीला मारक असतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत चालतं. प्रत्येक वेळी समोरच्या डॉक्टरांना तुमचा इतिहास ठाऊक नसतो, रात्री-अपरात्री तर नाहीच. म्हणून मी दादाला एक कार्ड लिहून दिलं. वहिनीनं ते लॅमिनेट करून त्याच्या पाकिटात आधार कार्डाच्या पुढं ठेवलं आहे. तुम्हीही असंच लिहून घ्या, बाजू आणि रक्तगट आपापला घाला:

"माझी डावी किडनी काढलेली आहे. डायक्लोफिनॅक, असीक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नये. सीटीचं रंगाचं इंजेक्शन देण्याआधी क्रिएटिनिन बघावं. उजव्या कुशीत कळ, ताप किंवा लघवी बंद झाली असेल तर वाट न बघता मूत्ररोगतज्ज्ञाकडं पाठवावं. रक्तगट बी पॉझिटिव्ह."